गाऱ्हाण्यातले अकरा सेकंद

१

सलोनीला ऐकू येत नाही, की ऐकू येतं पण ती ओ देत नाही? या एका प्रश्नापायी मी गणपतीपासून देवदिवाळीपर्यंत धड झोपले नाही. दोन्हींपैकी बरं कुठलं, हेही मला ठरवता येत नव्हतं. ऐकू येत नसेल तर निदान कानाला लावायचं यंत्र मिळतं. ओ द्यायची नसेल तर त्याला काय लावतात?

साडेतीन वर्षांची झाली होती. रडायची, हसायची, पेजेची वाटी पुढे आली की तोंड उघडायची. शब्द एक नाही. मागून हाक मारली तर मान वळायची नाही. एकदा तिच्या पाठीमागे मी स्टीलचं ताट जमिनीवर टाकून बघितलं. ताटाला पोचा आला, सलोनी आपली भिंतीकडे बघत बसलेली.

"आता माझी ताटा मोडून तिका बोलूक शिकवतलंस?" सासूबाई म्हणाल्या. त्या रोज सकाळी सुकं म्हावरं घेऊन बाजारात बसत आणि दुपार टळल्यावर घरी येत. "बोलतला गो चेडू, बोलतला. हिचो बापूस चार वर्सांचो होयसर तोंड उघडूक नाय हुतो. आता गप रव म्हटला तरी रवता काय?"

हिचा बापूस, म्हणजे यतीन, रेडीला खनिज भरणाऱ्या बार्जवर होता. रविवारी यायचा, लेकीला खांद्यावर घेऊन समुद्र दाखवायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा. त्याचंही मत तेच. कुटुंबात काळजी करण्याचं काम एकाच माणसाकडे असलेलं बरं असतं, आणि मी पदवीधर.

मालवणच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात कानाची तपासणी करून घ्या. तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. घरात एकच भाषा बोला; मी पुस्तकी मराठी निवडली, सासूबाईंनी काहीच निवडलं नाही, त्यामुळे सलोनीच्या एका कानात "इकडे ये बाळा" आणि दुसऱ्यात "हयसर ये गो" चालूच राहिलं. आणि तिसरी गोष्ट, दिवसातून पन्नास वेळा तरी तिला नावाने हाक मारा.

ही तिसरी मात्र मी अगदी नेमाने केली. पन्नासच्या कधी साठ झाल्या असतील, कमी नाही.

२

लग्नाआधी मी कुडाळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचे. क्लास बंद झाला तेव्हा त्यांचं एक जुनं मशीन मी घरी आणलं. ते ठेवलं पडवीतल्या लाकडी पेटाऱ्यावर, फोनच्या वायरीजवळ. कोणाच्या लग्नाची कॅसेट, कोणाच्या भजनी मंडळाची, असं काहीबाही मी त्यावर उतरवून द्यायचे. दोन हजार सहा साल ते. सकाळी अकराला जाणारी वीज दुपारी दोनला यायची. दोननंतर माझा उद्योग सुरू.

त्या वर्षी आमच्या गावाच्या मुंबई मंडळाने इंटरनेटवर गावाचं पान काढलं. मंडळाचे चिटणीस काशीरामभाऊ यांचं मला ईमेलने पत्र आलं, की यंदा ज्यांना जत्रेला येणं जमलं नाही अशा सगळ्यांसाठी दाजींचं गाऱ्हाणं पानावर चढव. दाजी आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात धरून गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, प्रत्येक मागण्याला जमलेल्या माणसांनी "होय महाराजा" म्हणायचं. बावीस मिनिटं चालतं. यतीनने ते टेपरेकॉर्डर समोर धरून कॅसेटवर घेतलं होतं.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली तर सव्वादोनशे एमबी. पानावर एका फाइलला जागा पाच एमबी. म्हणजे आंब्याची अख्खी पेटी आगकाडीच्या पेटीत बसवायची. ते कसं बसवतात हे मीच क्लासात पोरांना शिकवायचे: माणसाच्या कानाला जे ऐकूच येणार नाही ते यंत्र शोधून काढतं आणि टाकून देतं. ढोल वाजत असताना मागे कोणी सुस्कारा सोडला तर तो आपल्याला ऐकू येत नाही, मग ठेवायचा कशाला? आवाज भरगच्च असेल तिथे यंत्र जास्त जागा देतं, जिथे शांतता तिथे जवळजवळ काही देत नाही. फुकट काही वाया घालवायचं नाही, अगदी आमच्या सासूबाईंसारखं.

माझ्या हिशेबाने फाइल चार पूर्णांक आठ व्हायला हवी होती.

पाचच्या थोडी वर आली. दोनशे-सव्वादोनशे केबी जास्त. पुन्हा केली. तेवढीच.

३

मी ती फाइल लावून बसले. वाजवणाऱ्या खिडकीत एक छोटा आकडा दिसतो, त्या क्षणाला यंत्र किती जागा खर्च करतंय त्याचा. दाजी बोलत असताना चोवीस, बत्तीस. सगळे "होय महाराजा" म्हणाले की छप्पन, चौसष्ट. मधे दम घ्यायला दाजी थांबले की आठ. सगळं ठीक चाललं होतं.

सतराव्या मिनिटाला दाजी म्हणतात, "आणि जा कोण तुझ्या दारात आजून उभा आसा, तेचाय गाऱ्हाणा आयक."

इथे कोणी "होय महाराजा" म्हणत नाही. दाजी थांबतात. कोणी खोकत नाही, पोरं रडत नाहीत. टेपची बारीक खरखर तेवढी. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट, ओहोटीच्या खाजणासारखी.

आणि आकडा एकशे साठ.

यंत्राच्या त्या मापातला तो शेवटचा आकडा. शंभर माणसांनी एकदम तोंड उघडलं तरी एवढा जात नव्हता. अकरा सेकंद तो तिथेच अडून राहिला. मग दाजी "बा देवा महाराजा" म्हणून पुढे बोलायला लागले आणि आकडा निमूटपणे बत्तीसवर आला.

यंत्र जुनं आहे, मी म्हटलं. खरखरीला यंत्र फसतं, हे खरंच आहे. मी सुद्धा फसते, माझी तर वॉरंटी कधीच संपली. मी आवाज पूर्ण वाढवून तो भाग परत लावला. खरखर. त्यापलीकडे काही नाही.

सहज मागे बघितलं. सलोनी जमिनीवर शिंपल्या मांडून बसली होती. तिने मान वर केली होती आणि ती स्पीकरकडे बघत होती.

अकरा सेकंद. दाजी बोलायला लागले तशी तिने मान खाली घातली आणि शिंपल्या पुढे मांडायला घेतल्या.

४

आता खरं सांगते. मी घाबरले नाही. मी रडले, आनंदाने.

त्या दुपारी मी तो तुकडा चौदा वेळा लावला. चौदाही वेळा तिने मान वर केली. मधे मी टाळ्या वाजवल्या, ताट पाडलं, "सलोनी, सलोनी" केलं. काही नाही. दाजींचा आवाज, लोकांचा गजर, काही नाही. फक्त ते थांबणं आलं की मान वर. दुसऱ्या दिवशी वीस वेळा. जिथे माझ्या कानाला काहीच नव्हतं तिथेच माझ्या लेकीला काहीतरी होतं, यात विचित्र काय आहे हे मला दिसत होतं. पण बुडणाऱ्याला दोरीच्या टोकाला कोण आहे याची चौकशी करायला सवड नसते.

यतीनला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बघ, आयकता मा? मी काय सांगी होतंय?"

"अरे, पण काय ऐकते?"

"ता तिका इचार," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. बार्जवर भोंगा झाला, फोन ठेवला गेला.

सासूबाई मात्र तिसऱ्या दिवशी दारातच थबकल्या. टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही.

"हयसर कोण इल्ला?"

"कोणी नाही आई. मी आणि सलोनी."

"मगे तू बोलतंस कोणाक?"

"मी बोलत नव्हते. दाजींचं गाऱ्हाणं लावलंय."

"दाजीचो आवाज माका कळाचो नाय?" त्या पडवीत सगळीकडे बघून मग आत गेल्या. "बंद कर ता. वीज फुकट इल्ली नाय."

माझ्या आवाजाला भिंतीवरून घुमायची खोड आहे, असं मी मला समजावलं. मी त्या वेळी बोलत नव्हते, हा भाग मी समजावण्यातून वगळला.

५

काशीरामभाऊंचा तगादा आला. रविवारी मंडळाची सभा होती, सभेत सगळ्यांना ऐकवायचं होतं. दोनशे केबी काढायचे होते आणि कुठून काढायचे हे उघड होतं. बाकी सगळीकडे देवाची नावं, माणसांची मागणी. एकाच ठिकाणी काही नव्हतं, आणि नेमकं तेच जागा खात होतं.

माउसने तो अकरा सेकंदांचा पट्टा निवडला. एक बटण. दाजींचं वाक्य पुढच्या वाक्याला चिकटलं. ऐकताना जोड कळतसुद्धा नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा अभिमान वाटला. फाइल चार पूर्णांक आठ. चढवायला एक तास चाळीस मिनिटं लागली. मग मशीनवर जागा हवी म्हणून ती सव्वादोनशे एमबीची मोठी फाइल पुसली.

मंगळवारी काशीरामभाऊंचं पत्र आलं: साठ-सत्तर जणांनी उतरवून घेतलं, दुबई-बहारीनच्या मंडळींनीही घेतलं, फार छान, मधे कुठे अडखळतसुद्धा नाही.

त्याच दुपारी, वीज गेलेली असताना, पडद्यावर काळोख आणि पंखा थांबलेला असताना, सलोनीने शिंपल्या सोडून मान वर केली. स्पीकरकडे नाही. दाराकडे.

मी मनात मोजायला लागले. अकराला संपलं नाही. शंभरलाही नाही. कंटाळून मोजणं सोडलं, तेव्हा ती म्हणाली, "हूं."

माझ्या हातातलं सूप निसटलं. तांदूळ सांडले.

थोड्या वेळाने परत, "हूं."

मी धावत जाऊन तिला उचललं, नाव घेऊन घेऊन मुके घेतले. ती कडक झाली आणि रडायला लागली. संध्याकाळी सासूबाईंसमोर तिने पुन्हा तेच केलं, दाराकडे तोंड करून. सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या.

"ही हुंकार देता गो," त्या हळूच म्हणाल्या. "कोण गजाल सांगताना देतत तसो." मग मोठ्याने, "कोण सांगता तिका गजाली? तू?"

"नाही."

त्यांनी उठून दाराला कडी घातली. एरवी आमचं दार झोपायच्या वेळेपर्यंत उघडं असतं.

६

दाजींना मी स्वतः बोलावलं. निमित्त, तुमचं गाऱ्हाणं ऐकून जा. दाजी ऐंशीला टेकलेले, पण खुर्ची नको म्हणाले, उभ्यानेच ऐकलं. देवाचं आहे म्हणून. स्वतःच्याच आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. सतरावं मिनिट आलं. "तेचाय गाऱ्हाणा आयक," म्हणून त्यांनी सवयीने डोळे मिटले. आणि फाइलीतले दाजी न थांबता पुढे बोलायला लागले.

त्यांनी डोळे उघडले. "हयसर माझो थांबो खंय गेलो?"

"मी काढला दाजी. फाइल मोठी होत होती. तिथे रिकामंच होतं ना."

"रिकामा?" ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. एखाद्याने स्वतःच्या आईचं नाव विसरावं तसं. "आपला सांगून झाला काय दुसऱ्याक सांगूक जागा सोडूची लागता. माझ्या बापाशीन तसाच शिकवल्यान."

"दुसऱ्याला म्हणजे कोणाला?"

"ता मी कधी इचारूक नाय. मी डोळे मिटून उभो रवतंय. तेचा झाला काय माका कळता, मगे फुडे जातंय." सलोनी तेव्हा दाराकडे बघत होती. दाजींनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग चपला घातल्या. "तू शिकलेला चेडू. घाल परत थंय, जमता तर."

ते गेल्यावर मी कॅसेट पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवली. पहिल्यापासून, काळजीपूर्वक. सतरावं मिनिट, दाजी थांबले, टेपची खरखर. मी आकड्याकडे बघत होते.

आठ.

अकराच्या अकरा सेकंद आठ. फाइल झाली चार पूर्णांक आठ, थांब्यासकट. आता ती आरामात बसत होती. तीच कॅसेट, तीच वायर, तेच यंत्र. तीनदा केलं. सलोनीने एकदाही स्पीकरकडे बघितलं नाही.

जुन्या जागी नवी फाइल चढवली. मग आधीची ज्यांनी उतरवून घेतली त्यांना पत्र लिहायला बसले, की कृपया ती पुसून टाका. पुढे कारण लिहायचं होतं. तासभर बसले, सुचलं नाही.

७

गोव्याला आम्ही एसटीने गेलो, बांद्याला गाडी बदलून. यतीनने रजा काढली होती. सलोनीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, कानात टकटक आवाज सोडला. झोपेतही मेंदू उत्तर देतो आणि कागदावर लाटा उमटतात. आत फक्त मला बसू दिलं. मला सांगितलं होतं की अजिबात बोलायचं नाही, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी तासभर तिला हाक मारली नाही. झोपेत तिचा चेहरा इतकं लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा होता की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"कान एकदम चांगले आहेत," तपासणाऱ्या मुलीने सांगितलं. "आपल्यापेक्षा चांगले." यतीनने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. ती मुलगी मात्र कागद गुंडाळताना थांबली. "एक पट्टी परत घ्यावी लागली. मी आवाज बंद केला होता, तरी लाटा येत होत्या. एकसारख्या. वायर हलली असेल."

"किती वेळ?" मी विचारलं.

"बराच वेळ," ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

परतीच्या गाडीत सगळे झोपले. यतीन, त्याच्या मांडीवर सलोनी. मी खिडकीला डोकं टेकून जागी. कान चांगले आहेत. मग प्रश्नाचं एकच उत्तर उरलं होतं: ऐकू येतं, आणि ती ओ देत नाही. मला देत नाही.

८

दुसऱ्या दिवशी यतीन रेडीला गेला. सासूबाई बाजारात. साडेबाराची वेळ, वीज नव्हती. बाहेर उन्हाने माडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा केलेल्या. पडवीचं दार बंद होतं, हल्ली ते बंदच असायचं. सलोनी दारासमोर मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, शाळेत शहाणी मुलं बसतात तशी.

"हूं," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. घरात आवाज म्हणावा तर चुलीवर भाताचा, आणि लांब समुद्राचा.

"हूं."

दाराखाली बोटभर फट आहे, तिच्यातून उन्हाची पट्टी आत येते. त्या दिवशी पट्टी अखंड नव्हती. मधे दोन ठिकाणी तुटलेली. कुत्रं येऊन बसतं कधी कधी दाराशी. कुत्रं असणार. उठून फटीतून बघितलं असतं तर कळलं असतं. मी उठले नाही.

"हूं," सलोनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्याचं दुःख ऐकताना मोठ्या माणसांचे येतात तसे. तिने नाक पुसलं, आणि पुढे वाकली. वाटलं, काहीतरी शेवटाला आलंय. आता थोडंच उरलंय.

साडेतीन वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर ते बघवेना. माझ्याने राहवलं नाही.

"सलोनी!"

तिचे खांदे पडले. तिने मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हाकेसरशी माझ्याकडे बघितलं. रागावलेली नव्हती. नुसती दमलेली होती. कोणी किती दमू शकतं हे मला ठाऊक आहे, असं मला वाटायचं.

"काय बाळा?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. "काय झालं?"

तिने एकदा दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "आई, तू मधी बोललंस काय ता परत पयल्यापासून सांगूक लागता."